उभी फूटपट्टी

गुरुजी, महानंदाची बोटं तुम्ही फोडलीत. गणिताच्या वहीत मोर काढला म्हणून लाकडी फूटपट्टी उभी धरून हाणलीत, वर म्हणालात, "मोर भाकरी देणार हाय व्हय?" पंचवीस वर्षं झाली, तरी रेघोट्या ओढायला बसली की तिचा हात आखडतो. आज तिची लेक अभ्यास सोडून चादरीवरचा मोर वहीत उतरवत बसलेली. महानंदाचं डोकं फिरलं. तुमचंच वाक्य ओरडत तिनं पट्टी उभी धरून हाणली. पोरीच्या बोटातलं रक्त मोरावर सांडलं. महानंदानं पट्टी टाकली. मग पोरीचंच पेन उचलून ती त्याच वहीत तुमचा हात काढू लागली. मूठ, शिरा, पट्टी, सगळं सरसर उतरलं. मनगटावर तुमचं घड्याळ काढायच्या आधी तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं आणि चित्रात घड्याळाच्या जागी बांगड्या रेखाटल्या. पोरीनं रक्ताळलेलं बोट चित्रावर ठेवलं. "ह्यो हात कुणाचा हाय, आई? सांग की!"