दाराजवळची पट्टी

साल १९३३. श्रावण नुकताच लागला होता. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत, इंग्रजी पहिलीच्या वर्गात, दाक्षायणी उभी होती आणि सगळा वर्ग हसत होता.

“मिल्क?” गद्रेबाईंनी पुन्हा विचारलं.

“हालु.”

“हालू-बिलू नकोस. सरळ उभी राहा आणि अर्थ सांग. बरं, फ्लॉवर?”

“हू.”

“हू म्हणजे कोण! मी फ्लॉवर विचारलं, फ्लॉवर!”

बाईंनी वहीत खूण केली आणि दाराकडे बोट दाखवलं.

गद्रेबाई पुण्याहून नव्याच आल्या होत्या. वय बावीस-तेवीस, शिकवायची मनापासून हौस. हुशार आणि कच्च्या मुलींना एकच धडा देणं त्यांना पटत नव्हतं. म्हणून त्यांनी परीक्षा घेऊन वर्गाचे तीन भाग केले. बसायच्या पट्ट्याही तीन. खिडकीजवळच्या पट्टीला वाचनाचं पुस्तक. मधल्या पट्टीला शब्द पाठ करायचे. दाराजवळच्या पट्टीने पाटीवर नुसती ए-बी-सी-डी गिरवायची. परीक्षा सोपी होती. बाई इंग्रजी शब्द म्हणणार, मुलीने चटकन अर्थ सांगायचा.

दाक्षायणीचे वडील बसलिंगप्पा भुसार बाजारातले आडते. घरात कानडी. मुलगी चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकलेली. मराठी तिला कळायचं, पण घाईत तोंडात यायचं नाही. महिनाभराने वडिलांनी तिची पाटी पाहिली.

“अजून ए-बी-सीच? दसऱ्यापर्यंत हातात पुस्तक दिसलं तर शाळा. नाही तर अक्कलकोटला आजीकडं जायचं. तिथं पाहुणे बघायला यायचेच आहेत.”

ते रागावले नव्हते. ठरवून बोलले होते. रागावले असते तर बरं, असं आईलासुद्धा वाटलं.

दाक्षायणीनेही ठरवलं. खिडकीजवळच्या मुली मोठ्याने वाचायच्या. ती दारापाशी बसून ऐकायची. हात पाटीवर एम गिरवायचा आणि कान वाक्यं उचलायचे. घरी भाकरी थापताना ती तीच वाक्यं म्हणायची. एकेका भाकरीला एकेक.

दसऱ्याला पाच दिवस उरले. शनिवार होता, सकाळची शाळा. सुटायच्या थोडं आधी ती उठून टेबलापाशी गेली.

“बाई, मला परत विचारा.”

गद्रेबाईंनी घड्याळ पाहिलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. “लेग?”

“काल.”

“काल नव्हे, आज विचारतेय मी!”

वर्ग हसला. दारातही कोणी तरी हसलं. ती कस्तुराबाई होती. मुलींना घरोघर जाऊन शाळेत आणायचं आणि सुटल्यावर पोचवायचं, हे तिचं काम. ती उंबऱ्यापाशी टेकली होती. पण ती दाक्षायणीला हसत नव्हती.

“अवो बाई, पोरगी बरुबर सांगती की! कानडीत पायाला कालच म्हनत्यात. तुमी काय समजला?”

गद्रेबाई तिच्याकडे वळल्या. “आणि... हालु?”

“दूद.”

“हू?”

“फूल की वो. लई सोपं हाय.”

आता कोणी हसलं नाही. गद्रेबाई कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि दाक्षायणीपुढे धरलं. “जा. खिडकीपाशी बस.”

दाक्षायणीने हात मागे बांधले. दाराजवळच्या पट्टीवर आणखी दहा जणी होत्या. कोणी कानडी, कोणी विणकरांच्या घरची तेलुगू.

“आधी ह्यांना विचारा, बाई. सगळ्यांना.”

“सोमवारी विचारू. घंटा होईल आता.”

“सोमवारी नाही. आत्ता. तोवर मी पुस्तक घेत नाही.”

“घे की गं येडे!” कस्तुराबाई कळवळली. “बाप काय बोललाय, ठाव हाय न्हवं?”

दाक्षायणी जागची ढळली नाही.

गद्रेबाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. पहिली होती तेलुगू घरातली नरसम्मा. “वॉटर?”

“नीळ्ळु,” ती पुटपुटली.

‘रंग कुठे विचारला?’ हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. कस्तुराबाईकडे पाहिलं. तिला तेलुगू येत नव्हतं. मग बाई उठल्या. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या आणून त्यांनी जमिनीवर ठेवला. शेजारी खडू, छत्री, कुलूप.

“अर्थ सांगू नका. नुसतं बोट दाखवा. वॉटर?”

आठ बोटं तांब्याकडे गेली.

घंटा होऊन गेली, तरी कोणी उठलं नाही. बाई शब्द सांगत राहिल्या. परीक्षा संपली तेव्हा दाराजवळच्या पट्टीवर दोघीच उरल्या होत्या.

गद्रेबाई खुर्चीवर बसल्या. “दोन महिने मी तुमचं इंग्रजी तपासलंच नाही गं,” त्या म्हणाल्या. “तुमचं मराठी तपासत होते.”

त्या दसऱ्याला बसलिंगप्पांनी तराजूशेजारी मुलीचं पुस्तक मांडून पूजा केली. अक्कलकोटचं नाव पुन्हा निघालं नाही. कस्तुराबाई अंगात बळ होतं तोवर मुली बोलावत हिंडली. नरसम्मा सातवीनंतर लग्न होऊन गेली. सासरच्या चादरींच्या गठ्ठ्यांवर इंग्रजी पत्ते तीच घालायची. गद्रेबाई सोलापूरच्याच झाल्या. तीन पट्ट्या त्यांनी शेवटपर्यंत ठेवल्या, पण परीक्षा तांब्या-छत्रीचीच. कानडी आणि तेलुगूही त्या शिकल्या. दोन्ही भाषा इतक्या वाईट बोलायच्या की मुली पोट धरून हसत, आणि त्या हसू देत.

दाक्षायणी मॅट्रिक झाली. इंग्रजीत शाळेत पहिली आली. पुढे शिक्षिका झाली, तेव्हा ती इंग्रजीच घेणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. एकतीस वर्षं तिने शिकवलं. मराठी.