सात सेकंद मागे

मेंदूच्या आजारानंतर कुमुदताईंची स्मृती नऊ वर्षं चार डिस्कवर विभागून ठेवलेली होती. एक बंद पडली तरी उरलेल्या तिन्हींवर भागायचं. काल मात्र दुसरीही बंद पडली आणि त्या नवऱ्यालाच, दिगंबररावांनाच, ओळखेनाशा झाल्या.

“सगळं नव्याने बांधा,” डॉक्टर म्हणाले.

“मग आहे तेही पुसलं जाईल,” रुखसाना अत्तार शांतपणे म्हणाली. लिनक्स संगणकांवरच्या मोडलेल्या डिस्क जुळवण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. तिने आधी चारही डिस्कच्या प्रती काढल्या, मग प्रत्येकीवर शेवटची नोंद कधीची आहे ते तपासलं.

“काका, ही तीन महिन्यांपूर्वीच बंद पडलीय, कुणी पाहिलंच नाही. कालची ही दुसरी मात्र चालू असलेल्या दोन्हींपेक्षा फक्त सात सेकंद मागे आहे. हिलाच सोबत घेऊ.”

दिगंबरराव पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होते. तिची बोटं मात्र अजिबात घाई न करता चालत होती. तीन महिने जुनी प्रत बाजूला ठेवून तिने उरलेल्या तीन जुळवल्या.

कुमुदताईंनी डोळे उघडले. “अहो, दाढी का नाही केलीत?”

दिगंबररावांनी रुखसानापुढे हात जोडले.

“आधी त्यांना उत्तर द्या, काका,” ती म्हणाली.