वाढव

दिवेलागणीलाच लाईट गेली. अनसूयाबाईंच्या हातातली तेलाची बाटली हातातच राहिली, कारण आतल्या खोलीतून मशीनची शिट्टी ऐकू आली होती. हवेतला ऑक्सिजन वेचून बन्सीधररावांच्या नाकापर्यंत पोचवणारी ती मशीन क्षणभर गप्प झाली. मग इन्व्हर्टरनं तिला उचललं आणि ती पुन्हा घुरघुरायला लागली. तेव्हा कुठे बाईंनी आपला श्वास सोडला.

लाईट जायची तयारी त्यांनी करून ठेवली होती. वायरमन जीवनला बोलावून इन्व्हर्टरवरचा बल्ब काढला, पंखा काढला आणि एकटी मशीन त्याच्यावर ठेवली. काटकसर म्हणाल तर त्यातही काही शिल्लक नव्हतं. मशीनच्या बिलापायी फ्रिज बंद होऊन त्याचं कपाट झालं होतं, आत डाळी आणि पापड सुखानं नांदत होते. टीव्हीवर चादर पडली होती. उरली होती ती बाईंची बीपीची गोळी. सुरीनं त्या तिचे दोन तुकडे करायच्या, एक आज, एक उद्या. हे मात्र त्यांनी कोणाच्या कानावर घातलं नव्हतं.

मशीनपाशी जाळ नको असं बजावलेलं, म्हणून त्यांनी समई माजघरात लावली, हात जोडले आणि मधलं दार सताड उघडलं. उजेड कसाबसा पलंगापर्यंत पोचला. चारठाण्याच्या देवळात बन्सीधररावांनी जन्मभर दिवा लावला आणि जन्मभर वाढवला. ‘विझव’ हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. नव्या सुनेनं एकदा तो उच्चारला, तर बन्सीधररावांनी तिला दिवसभर चिडवून भंडावून सोडलं होतं.

शेजारचा भुजंग दारात आला. "काकू, कायतरी मोठंच जळलंय म्हनं. आज काई लाईट येत न्हाई. बॅटरी कितीक चालंल?"

बाईंनी इन्व्हर्टरकडे पाहिलं. नवी बॅटरी नको, जुनीच चांगली बघून घेऊ, हा हट्ट त्यांचाच होता. तेवढीच बचत, असं त्या वर चार जणींना सांगूनही आल्या होत्या.

"मी जिंतूरला जातो, सिलिंडर मिळतंय का बघतो," भुजंग म्हणाला आणि गाडी काढून गेला.

त्याच्या गाडीचा आवाज विरतो न विरतो तोच बॅटरी उतरल्याचा लाल दिवा इन्व्हर्टरवर लागला.

"वाढव," पलंगावरून आवाज आला.

बाई धावल्या. त्यांनी मशीनचं बटन फिरवून हवा वाढवली. बन्सीधररावांनी मान हलवली. ते नव्हे.

"भूक लागली का? भात वाढू का थोडा?"

त्यांच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. त्यांनी दाराकडे बोट केलं. "वाढव."

अंधाराची भीती वाटत असेल बिचाऱ्यांना, असं बाईंना वाटलं. त्यांनी समईत आणखी तेल घातलं, वात वर ओढली, शेजारी दुसरी लावली. माजघर उजळलं.

"अगं, उलटं," ते म्हणाले. एवढ्यालाही त्यांना दम लागला.

आता बाईंना कळलं. उजेड डोळ्यांवर येत असणार. त्यांनी देवापुढचं फूल उचलून दोन्ही वाती त्यानं हलकेच दाबल्या. तोंडानं फुंकर मारायची नाही, ही बन्सीधररावांचीच शिकवण. अंधारात चाचपडत त्या पलंगाशी येऊन बसल्या.

"झालं का मनासारखं?"

"हां." बन्सीधररावांनी त्यांचा हात शोधला आणि मशीनवर नेऊन ठेवला. "आता हिला बी वाढव."

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण या घरात या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"काय बोलायलाव तुमी? तोंडाला काई धरबंद हाय का न्हाई?"

"हिनं घर खाल्लं, अनसूया." ते थांबले, श्वास गोळा केला. "गोळीचे तुकडे करतीस. बघायलोय मी."

बाईंना रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. नवऱ्याचा, जुन्या बॅटरीचा, सुरीचा. हात झटकून उठावं आणि लेकाला फोन लावावा, असं त्यांनी मनाशी ठरवलंसुद्धा. तरी हात तिथंच राहिला. बंद करायचं बटन बोटाखाली लागलं. गुळगुळीत होतं, गरम होतं. मशीनची शिट्टी पुन्हा वाजायला लागली आणि एक विचार मनात येऊन गेला, की ही गप्प झाली तर आज रात्रभर झोप लागेल. सगळी रात्र. त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली, की अंधार आहे ते बरं झालं असं वाटलं.

बोट मात्र हललं नाही. ना दाबायला, ना काढायला.

एवढ्यात गल्लीतली पोरं एका सुरात ओरडली, "आली, आली!" ट्यूब फडफडून पेटली, पंखा फिरायला लागला, आणि मशीन आपल्या पूर्ण आवाजात घुरघुरू लागली. भुजंगनं ऐकलेलं सगळं खोटं निघालं होतं.

दिवा लागला की हात जोडायचे. बाईंचा डावा हात सवयीनं छातीशी आला, आणि उजवा कुठं आहे ते त्यांना दिसलं. बन्सीधररावांनाही दिसलं.

बाईंनी घाईघाईनं हात काढून पदरात लपवला. "लाईट आली हो," त्या म्हणाल्या.

बन्सीधररावांनी भिंतीकडे तोंड केलं.

"कशाला?" ते म्हणाले.