मुसकी

गाय घेऊन हौदावर पोचताच लस कंपनीच्या तपासनिसानं अनसाबाईंना अडवलं. "मावशी, गाईच्या तोंडाची मुसकी काढायची नाही! लस टोचलेल्या गाईनं दुसरीला चाटलं की तिलाही लस लागते, तीही फुकट. करारात मनाई आहे."

अनसाबाईंनी शेजारच्या गोदाक्काकडं पाहिलं. तिची गाय रोगानं दोनदा गाभडली होती. आता सगळी आशा सोबत आणलेल्या एका कालवडीवर होती.

"रोग फुकट पसरत होता, तेव्हा कुठं होता तुमचा करार?" म्हणत त्यांनी आपल्या लस टोचलेल्या चांदी गाईची मुसकी सोडली.

"गाय जप्त होईल!"

"करा की. आधी पाणी तर पिऊ द्या."

पाणी राहिलं बाजूला. चांदी कालवडीची मान चाटू लागली, आणि मागच्या बायका आपापली जनावरं पुढं रेटू लागल्या.