साहेबांना दिसलं ते

पैसे खाऊन बांधलेला नवा पूल कोसळला आणि माझ्या हातातून तान्हा नदीत गेला. ठेका आम्हीच निवडून दिलेल्या साहेबांच्या मेहुण्याचा होता. आम्ही बायका त्यांच्या फाटकासमोर उन्हात ठिय्या देऊन बसलो. ते रोज काळ्या काचांच्या गाडीतून जायचे. आमच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आज मात्र गाडी माझ्यासमोर थांबली. काच खाली आली. “सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!” जाऊबाई पुटपुटल्या. साहेब माझ्या रिकाम्या मांडीकडे टक लावून पाहत होते. “अहो ताई, बाळ ओलंचिंब झालंय. पुसा त्याला आधी.” घोषणा थांबल्या. जाऊबाईंनी माझा दंड घट्ट धरला. मी पदराने मांडीवरची हवा पुसली, डोक्यापासून पावलांपर्यंत. मला काहीच दिसत नव्हतं. “साहेब,” मी विचारलं, “रडतोय का हो तो?” त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “नाही. नुसता माझ्याकडे बघतोय.”