स्थळाची चौकशी

"सायेब, पोरीला तितं द्यावी का न्हाई, तेवढंच सांगा," नाथाजी म्हणाले आणि फेटा काढून मांडीवर ठेवला.

समोर बँकेच्या सांगली शाखेचे एजंट, म्हणजे शाखेचे मुख्य अधिकारी, अनंतराव बसले होते. त्यांनी उठून खोलीचं दार लोटलं, शिपायाला दोन चहा सांगितले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

फाळणीला चार महिने झाले होते. पंजाब-सिंधकडचं गिऱ्हाईक तुटलं आणि सांगलीची हळद जागच्या जागी पडून राहिली. पेठेत हमाल भर सकाळी झोपा काढत होते. स्टेशनावरून चालत येताना साताऱ्याच्या या पेन्शनर जमादारानं ते सगळं पाहिलं होतं.

हळदीचे अडते दादासो यांच्या थोरल्या मुलासाठी नाथाजींच्या हौसाला मागणी आली होती. हुंडा सात हजार. पंचवीस वर्षं पलटणीत काढून साठलेली सगळी पुंजी तेवढीच.

"हरिपूरला जाऊन आलो," नाथाजी म्हणाले. "जमिनीखालची त्येंची पेवं लिंपून बंद हायत. दारात एक गाडी न्हाई. मानूस धंद्यात बुडून बसलाय का काय?"

"जमादार, खातेदाराची गोष्ट बाहेर काढायची नाही, हा बँकेचा नियम आहे. वीस वर्षांत मी तो मोडलेला नाही."

नाथाजींचा चेहरा पडला. ते उठले. "मग ऱ्हाऊ द्या. नियम म्हंजे नियम. आई न्हाई वो पोरीला, म्हून इचारलं."

"बसा हो." अनंतरावांनी आवाज खाली आणला. "मलाही दोन मुली आहेत. आज मोडतो नियम. पेवं बंद आहेत म्हणजे माल आत आहे. ज्याला नड असते तो पडत्या भावात विकतो. दादासो थांबलेत, यातच काय ते समजा."

"कर्ज हाय का?"

"व्यापाऱ्याच्या नावावर थोडंफार असायचंच. त्याची काळजी तुम्ही करू नका."

चहा आला. शिपाई कप ठेवून बाहेर गेला.

"स्थळ सुचवलं कुणी?" अनंतरावांनी विचारलं.

"तुमच्या साताऱ्याच्या एजंटसायबांनीच. ठेवीचं व्याज आणाय गेलतो, तर आपनहून इचारलं, घरात लग्नाची पोरगी हाय का. लय मायाळू मानूस."

"सज्जन आहेत. डोळे झाकून द्या मुलगी. फक्त एवढी रक्कम अंगावर घेऊन हिंडू नका, दिवस वाईट आहेत. साताऱ्याच्या ठेवीतून परस्पर दादासोंच्या खात्यात वळती करू. इथं सही करा."

नाथाजींनी एकेक अक्षर जपून काढत सही केली. लढाईत कधी न रडलेल्या त्या माणसाला हुंदका आवरला नाही. त्यांनी पाय धरायला हात पुढे केले. अनंतरावांनी ते वरच्यावर धरले.

"लग्नाला याचं बरं का, घरच्यास्नी घिऊन."

"येणारच."

नाथाजी रस्त्याच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत अनंतराव खिडकीत उभे होते. मग त्यांनी टेबलाशी बसून साताऱ्याच्या एजंटांना पत्र लिहायला घेतलं.

"दादासोंचे खाते आपण बुडीत धरले होते. त्यातले सात हजार या गुरुवारी वसूल होतील. हेड ऑफिसला तसे कळवतो. इथले आणखी पाच व्यापारी असेच कर्जात बुडून बसले आहेत. त्यांतल्या तिघांचे मुलगे अद्याप बिनलग्नाचे आहेत. तरी तुमच्याकडच्या ठेवीदारांत ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली आहेत, अशांची पुढची नावे परतटपालीने पाठवावीत."