सहाच्या सहा वेळा

“आग तुम्हीच लावायची आणि बंब घेऊन धावायचंही तुम्हीच. सोय चांगली आहे,” लिमये म्हणाले.

शंभू राऊत टेबलासमोर उभाच होता. तीन वर्षं लिमये त्याला अरे-तुरे करत आले होते. आज सकाळी ते एकदम अहो-जाहोवर आले. पुण्यात माणसाला परकं करायला तेवढं पुरतं.

“सर, मी काहून पाडीन सर्व्हर? लोकांचे फोन आले म्हणून तर धावलो.”

बाळ लिमये हडपसरच्या या कंपनीत तांत्रिक विभागाचे प्रमुख होते. टेलिफोन खात्यातली नोकरी सोडून ते अठ्ठ्याण्णव साली इंटरनेटच्या या नव्या धंद्यात उतरले, त्याला आता चार वर्षं झाली होती. वेळेच्या बाबतीत माणूस कडवा. हातातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे, घरी भिंतीवरचंही तसंच. ही वडिलांची शिस्त. “आमच्याकडे वर्तमानकाळ नसतोच,” असं त्यांची बायको वासंती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. कंपनीच्या बसला मात्र त्यांच्यासाठी कधी थांबावं लागलं नव्हतं.

त्यांच्या विभागाचा सगळा जीव एका नेम सर्व्हरमध्ये होता. कुणी वेबसाइटचं नाव विचारलं की तिचा पत्ता सांगायचा, एवढंच त्याचं काम. पण तो बसला की दीडशे ग्राहकांच्या वेबसाइट जागेवर असून कुणाला सापडत नसत. गेल्या पंधरवड्यात तो सहा वेळा बसला होता.

शंभूने एक छापील कागद पुढे सरकवला.

“सर, या सॉफ्टवेअरमधे दोष आहे. बाहेरून एक वाकडातिकडा प्रश्न आला, की उत्तर द्यायचं सोडून हे स्वतःच बंद पडते. कोणीबी पाडू शकते, जगात कुठूनबी. मी दोनदा म्हटलं तुम्हाला, नवी आवृत्ती टाकू द्या.”

“जगात कुठूनही. आणि ते जग दर वेळी तुम्ही खोलीत शिरायची वाट बघत थांबतं?”

लिमयांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर सर्व्हरने स्वतः केलेल्या नोंदी, दुसऱ्यावर मशीनच्या खोलीबाहेर बसणाऱ्या ज्ञानदेव वॉचमनच्या वहीची नक्कल. मंगळवारी शंभू आत गेला दोन वाजून चार मिनिटांनी. सर्व्हर बसला दोन वाजून दहाला. गुरुवारी शंभू आत अकरा वीसला. सर्व्हर बसला अकरा पंचवीसला. सहाच्या सहा वेळा हेच. आधी शंभू आत, मग पाच-सहा मिनिटांनी सर्व्हर आडवा. आणि थोड्या वेळाने तो उभा करून शाबासकी घेणारा पुन्हा शंभूच. विभागातल्या बढतीसाठी त्याचा अर्ज महिन्याभरापूर्वीच आला होता.

लिमयांना वाईट वाटत होतं, खूप वाईट. दिग्रसहून आलेल्या या मुलाला इंग्रजी धड बोलता येत नाही म्हणून बाकीचे नको म्हणत असताना त्यांनीच त्याला घेतलं होतं. त्याची बहीण अपेक्षा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आली, तेव्हा सदाशिव पेठेत तिला खोलीही त्यांनीच बघून दिली. म्हणून तर त्यांनी शहानिशा करायची काही बाकी ठेवली नव्हती. ज्ञानदेवाला बोलावून त्याच्या घड्याळाची चौकशी केली.

“रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावतो, सायेब. मिंटाचा फरक न्हाय.”

लिमयांनी तेवढ्यावर भागवलं नाही. वेळ सांगणाऱ्या टेलिफोन सेवेला फोन लावला आणि ज्ञानदेवाचं घड्याळ कानाशी रिसीव्हर धरून ताडून पाहिलं. म्हातारा खरं बोलत होता.

“सर, मशीनचंच काही चुकलं असंल,” शंभू म्हणाला.

“मशीनला बढती नको असते. ते कशाला खोटं बोलेल?”

शंभूने राजीनामा तिथेच उभ्याउभ्या लिहिला. दारापर्यंत जाऊन तो वळला.

“अनुभवाचं पत्र तरी द्या, सर. त्याच्याशिवाय मले कोणी दारात उभं करणार नाही.”

“आणि त्यात लिहू काय?”

शंभू गेला. त्याचा छापील कागद टेबलावरच राहिला. लिमयांनी तो वाचला आणि उगाच धोका नको म्हणून त्याच संध्याकाळी नवी आवृत्ती स्वतः बसवली. त्या दिवसानंतर सर्व्हर एकदाही बसला नाही. शंभू गेला आणि दुखणं गेलं, असं सगळे म्हणू लागले. लिमयांनाही ते पटलं, तरी सदाशिव पेठेतून जाताना ते त्या खोलीची गल्ली टाळू लागले. अपेक्षा खोली सोडून गावी परतल्याचं त्यांना वासंतीकडून कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दोन महिन्यांनी शंभूच्या जागेवर नम्रता रुजू झाली. हुशार मुलगी, कामाला वाघ. सगळ्या मशीनच्या नोंदी एकत्र करायचं काम तिने पहिल्याच आठवड्यात हाती घेतलं आणि शुक्रवारी वही घेऊन लिमयांच्या टेबलाशी आली.

“सर, नेम सर्व्हर पहिल्यांदा उभा कुणी केला होता?”

“मी. एकेक तार या हातांनी जोडली आहे,” लिमये म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

“मग त्यातली तारीख-वेळही तुम्हीच घातली असेल?”

“अर्थात. हातातलं घड्याळ समोर धरून.”

“तरीच,” नम्रता हसली. “सर्व्हरचं घड्याळ तेव्हापासून तसंच आहे, सर. नोंदीत दोन वाजून दहा मिनिटं दिसली, तर खरे दोनच वाजलेले असतात.”